हिरवा पिक्सेल म्हणजे सुपीक जमीन नव्हे!

आम्हा संगणकवाल्यांना नकाशा रंगीत दिसला की तो खरा वाटायला लागतो. मातीच्या डिजिटल नकाशांचं हल्ली तेच चाललंय. गडद हिरवा म्हणजे सुपीक, लाल म्हणजे नापीक, वर एक झकास डॅशबोर्ड... झालं, शेतीचा प्रश्न सुटला!

थोडं गणित करू. सॉइलग्रिड्स हा जगभर वापरला जाणारा नकाशा २५० मीटरचा. म्हणजे एक पिक्सेल सव्वासहा हेक्टरचा. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी शेतजमीन १.३४ हेक्टर. म्हणजे एका पिक्सेलमध्ये चार-पाच जणांची शेतं, आणि सगळ्यांना उत्तर एकच. २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिका आली, तिचंही तसंच: बागायतीत अडीच हेक्टरमागे एक नमुना, कोरडवाहूत दहा हेक्टरमागे एक.

आता सांगली-कोल्हापूरकडची काळी जमीन घ्या. बांधाच्या अलीकडे वर्षानुवर्षं ऊस, पाटाचं पाणी मोकाट, निचरा नाही. जमिनीतलं पाणी वर येतं, सोबत क्षार आणतं. पाणी उडून जातं, क्षार राहतात. जमीन क्षारपड! बांधाच्या पलीकडे ज्वारी-तूर आणि वर्षाआड शेणखत. खडक तोच, पाऊस तोच, उतार तोच. फरक केला तो वापराने. आणि मॉडेलला आपण मुख्यतः काय भरवतो? खडक, पाऊस, उतार, आणि उपग्रहाला दिसलेला हिरवा रंग.

"रिझोल्यूशन वाढवा की राव!" हे यावरचं ठरलेलं उत्तर. सेंटिनेल-२ दहा मीटरपर्यंत दाखवतो, तेही फुकट. त्यात ऊस दिसेल हो. पण शेणखत शेवटचं कधी पडलं, सरीत पाणी किती सोडलं, हे कुठून दिसणार?

बरं, वापराची नोंद आपल्याकडे नाहीच असंही नाही. सातबाऱ्यातला 'बारा' म्हणजे पिकांचीच नोंद. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी ती स्वतः मोबाईलवरून, फोटोसकट भरू लागला. माती तपासणीचा अहवाल आणि ही नोंद गट नंबरावर जोडा, खत-पाण्याचे चार प्रश्न वाढवा. आपल्या भाषेत एक साधा जॉईन! त्यात एआय नाही, म्हणून त्याचं प्रेझेंटेशन होत नाही, इतकंच.

चुकीचा पिक्सेल हा आपल्यासाठी एक बग. पुढच्या रिलीजमध्ये काढू. त्यावर भरवसा ठेवून खताच्या गोण्या घेणाऱ्याचा मात्र हंगाम जातो. तेव्हा पुढच्या वेळी कुणी असा नकाशा दाखवला तर एवढंच विचारा: या शेतात गेली दहा वर्षं काय पिकवलं, ते यात कुठे आहे?