किल्ली कुणाच्या हाती?

सणसवाडीच्या कारखान्यातून पाळी संपवून परतणारा कामगार बसमध्ये मोबाइलवर मराठी पुस्तक वाचू शकतो, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पैसे मोजूनही ते पुस्तक बहुधा त्याच्या मालकीचे होत नाही. विक्रेता केवळ वाचनाचा परवाना देतो, मजकुराला गुप्तलिपीचे कुलूप घालतो आणि किल्ली स्वतःपाशी ठेवतो.

याचे परिणाम काय होतात? २००९ साली अॅमेझॉनने ऑर्वेलच्या विकलेल्या कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकल्या. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले. पैसे परत मिळाले, पुस्तके गेली. २६ फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून तारेने यंत्रात भरण्याची सोयही संपली. ज्या जुन्या यंत्रांत वायफाय नाही, त्यांच्या मालकांनी काय करावे?

लेखकाला श्रमाचे मोल मिळालेच पाहिजे, हे निर्विवाद. पण चोर कुलूप फोडतोच. जाच होतो तो प्रामाणिक ग्राहकाला.

फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले. त्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. भाविकांनी हाताने नकला उतरविल्या, म्हणूनच १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापता आले. त्या ग्रंथाला असे कुलूप असते, तर?

किंडलवर कुलूप घालावे की नाही, हे प्रकाशकच ठरवितो. मराठी प्रकाशकांनो, ते नाकारा. आणि ज्यांना नाकारायचे नसेल, त्यांनी निदान ‘विक्री’ हा शब्द तरी वापरू नये!