रद्दीची मुदत

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की रद्दीवाल्याचे भाग्य उजळते. आमच्या सौभाग्यवतींचा मात्र एक कडक नियम आहे : वस्तू घरात आहे तोवर तिचा कागद घरात. पंखा २० वर्षे फिरला, तर त्याची पावतीही २० वर्षे फायलीत. हा नियम कारखानदारांनी उसना न्यावा, असे मला फार वाटते.

माल बाजारात येण्याआधी त्याच्या चाचण्या होतात, नोंदी होतात. त्या जपायच्या किती वर्षे? आपल्या १९४५ च्या नियमांप्रमाणे मुदतीच्या औषधाची बॅचवार नोंद मुदत संपल्यावर आणखी २ वर्षे ठेवावी लागते. व्यवहाराला हे पुरेसे वाटते. पण शरीराचे पंचांग निराळे असते!

अमेरिकेत १९४० नंतरच्या काळात गर्भ टिकावा म्हणून असंख्य स्त्रियांना डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल नावाचे औषध दिले गेले. १९७१ साली बोस्टनच्या डॉक्टरांना आढळले की, अशा काही मातांच्या मुलींना ऐन तारुण्यात एक दुर्मिळ कर्करोग होतो आहे. गोळी आईने घेतली आणि दुखणे आले लेकीच्या वाट्याला! मुली न्यायालयात गेल्या. पहिलाच प्रश्न निघाला, गोळी कोणाची? तेच औषध अनेक कंपन्या बनवीत होत्या. मधल्या काळात नोंदी हरवल्या होत्या, नष्ट झाल्या होत्या. साक्षीदार वारले होते.

अखेर १९८० साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तोडगा काढला : बाजारात ज्या कंपनीचा जेवढा वाटा, तेवढी तिने भरपाई द्यावी. त्यातून सुटका एकाच कंपनीची, ‘ही गोळी आमची असूच शकत नाही’ असे जी सिद्ध करील तिची. आता सांगा, कागदावाचून हे सिद्ध कसे करायचे?

तुम्ही म्हणाल, असे कागद साठवायचे तर कारखान्याशेजारी दुसरा कारखाना बांधावा लागेल. पण चहाच्या बिलांचे कोण बोलतो आहे? माल कशाचा केला, कसा तपासला, कुठे पाठवला, एवढेच जपायचे. आता तर ते संगणकात मावते. मात्र जुनी फाईल नव्या यंत्रावर उघडते ना, हे अधूनमधून पाहायला हवे.

माझा हिशेब सोपा आहे. शेवटचा नग विकला त्या दिवसापासून मोजावे, नग टिकेल तितकी वर्षे धरावी, आणि दुखणे उशिरा उमटण्याचा संभव असेल तर वर एक पिढी. युरोपात शरीरात बसवायच्या उपकरणांचे कागद शेवटचा नग बाजारात आल्यापासून निदान १५ वर्षे ठेवावे लागतात. उशिरा उमटणाऱ्या इजेची भरपाई मागण्याची कमाल मुदत तर तिथल्या २०२४ च्या कायद्याने २५ वर्षे केली आहे.

खोटा माल करणाऱ्याला जुन्या कागदाची धास्ती वाटणारच. सचोटीच्या कारखानदाराला मात्र त्याच्याइतका चांगला वकील मिळायचा नाही.