वाटणीचा डोंगर

या जगात आमच्या मालकीची इस्टेट म्हणाल तर शहरात दोन खोल्या, आणि रत्नागिरीकडे वडिलार्जित डोंगराचा एक उतार. तोही माझा आणि धाकट्या चुलतभावाचा सामाईक! गेल्या महिन्यात त्याचा फोन आला.

"दादा, रान नुसते माजले आहे. व्यापारी भाव बरा देतोय. सगळे तोडून काजू लावू. भाऊबीजेच्या सुमारास कागद घेऊन येतो, तुम्ही सही तेवढी करा."

ती सही मी एकदा केलेली आहे. 1998 साली धाकट्या बहिणीचे लग्न निघाले आणि कंत्राटदाराने रोख रक्कम पुढे केली. लग्न थाटात झाले. पुढच्या दिवाळीत गावी गेलो, तो डोंगरावर ऐन-किंजळीची खुंटे तेवढी उरलेली. त्या दिवशी मी डोंगराकडे पाठ करून जेवायला बसलो.

पुढे अधूनमधून जात राहिलो. पहिली काही वर्षे नुसते गवत आणि रानमोडी. उन्हाळ्यात कुणाची तरी विडी पडे आणि वणवा लागे. कुंभा, पळस यांसारखी झाडे त्यातून तगत. कोवळी रोपे मात्र जळून जात. डोंगर आपला दर साली पुन्हा पहिलीच्या वर्गात! शेवटी आम्ही दोघांनी खर्च वाटून घेतला आणि दरवर्षी जाळरेषा काढायला गडी लावले. आग थांबली आणि डोंगर वरच्या वर्गात गेला. जुन्या खुंटांना फुटवे आले. मोठाल्या गोल पानांचा चांदाडा उन्हात भराभर वाढला. त्याच्या सावलीत गवत मेले, आणि बुलबुलांनी, उदमांजरांनी आणलेल्या बियांतून अंजनी, जांभूळ उगवली. गंमत अशी, की चांदाड्याच्या स्वतःच्या रोपांना ती सावली सोसत नाही. पंगतीला पाट मांडायचे, आणि आपण मात्र उपाशी उठायचे, असा त्याचा जन्म!

आमच्या डोंगराला निदान माती होती, मुळे होती. क्राकाटोआ बेटाला तीही नव्हती. 27 ऑगस्ट 1883 रोजी तिथला ज्वालामुखी फुटला आणि उरलेले बेट राखेच्या जाड थराखाली गेले. नऊ महिन्यांनी फ्रेंच अभ्यासक तिथे उतरले, तेव्हा त्यांना जिवंत असा एक बारीकसा कोळी दिसला. 1886 मध्ये राखेवर शेवाळाचा पातळ थर आणि नेचे आढळले. मग गवत, मग झुडपे. आणि वाऱ्यावर, लाटांवर, पाखरांच्या पोटातून समुद्र ओलांडून आलेल्या बियांनी अर्धशतकाच्या आत त्याच राखेवर रान उभे केले.

मात्र रान परतले म्हणजे सगळेच परतले असे नव्हे. आमच्या डोंगराच्या पलीकडे, वहाळाच्या काठी देवराई आहे. अशा देवरायांचा माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात अभ्यास केला होता. आत गेले की रान चाळीसारखे मजल्यामजल्याचे दिसते. वर सातवीण, बेहडा. खाली रातांबा, अंजनी. त्याखाली झुडपे, नेचे. तळाशी पावलाखाली दबणारा पाचोळा. आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत चढत गेलेली गारंबीची वेल. आमच्या रानात पंचवीस वर्षांनंतर जेमतेम दोन मजले झाले आहेत. काजूची बाग म्हणजे एकच मजला.

हे सारे मी सौभाग्यवतीला मोठ्या आवेशाने सांगितले. चकल्या तळता तळता ती म्हणाली, "अहो, पण भावोजींच्या मुलीची कॉलेजची फी रान भरणार आहे का?"

मी गप्प बसलो. बहिणीच्या लग्नाला मी डोंगर विकला. आता त्याच्या मुलीच्या शिक्षणाच्या वेळी मला रानाचा पुळका! हे त्याने तोंडावर म्हटले नाही, हा त्याचा चांगुलपणा.

दोन रात्री विचार करून मी ठरवले आहे. वाड्याजवळचा खालचा तुकडा काजूला द्यावा. त्यातला माझा हिस्साही त्याचाच. यंदाच्या फीला माझ्या ठेवीतून हातभार लावावा. पण वहाळाकडच्या वरच्या रानाला कुऱ्हाड लावू नये. देवराईतली पाखरे तिथे बी टाकायला येतात. कागदावर एवढे लिहून घेतले, तर मी सही करीन.

तो भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी येणार आहे. ऐकेल की नाही, देव जाणे. चकल्या मात्र त्याच्यासाठी वेगळ्या डब्यात काढून ठेवल्या आहेत.