गायरान गावाचे, ऊन सर्वांचे. भाडे मात्र किती?

अशोक स्तंभापासून गंगापूर रोडने धरणाच्या दिशेने निघालात की दुतर्फा बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या गच्च्यांवर निळ्या-काळ्या काचा दिसू लागतात. उन्हावर वीज तयार करणारी ही पॅनेल. घरात लागेल तेवढी वीज वापरायची, उरलेली महावितरणच्या तारेत सोडायची आणि महिनाअखेरीस दोन्हींची वजाबाकी करून बिल भरायचे, असा हा व्यवहार. राज्य वीज नियामक आयोगाने २०१५ साली त्याचे नियम केले, केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान जाहीर केले. शहरातल्या माणसाने फायदा करून घेतला, चांगले झाले. त्याबद्दल आमची तक्रार नाही.

पण त्याच रस्त्याने सोमेश्वर मागे टाका, गोवर्धनवरून पुढे गिरणारे भागात जा. ऊन तेच, महावितरण तेच. टोमॅटोला आणि द्राक्षबागेला पाणी भरायला मात्र आमचा शेतकरी वर्षानुवर्षे रात्री बॅटरी घेऊन विहिरीवर जात आला आहे. एक आठवडा दिवसाची पाळी, दुसरा आठवडा रात्रीची. गोदाकाठ, दारणाकाठ, कादवाकाठ, सगळीकडे उसात बिबट्या. पायाखाली काय आहे ते दिसत नाही, स्टार्टरच्या पेटीत काय बसले आहे तेही दिसत नाही. २०२४ साली राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मार्च २०२९ पर्यंत मोफत वीज जाहीर केली, राज्यातल्या सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांचे बिल माफ झाले. उत्तम! पण रात्री दोन वाजता येणारी वीज फुकट असली तरी ती रात्री दोन वाजताच येते, हे कोणत्या शासन निर्णयात लिहायचे?

यावर सरकारने काढलेला तोडगा म्हणजे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. आजचा अग्रलेख तिच्यावरच आहे, कारण या योजनेतली जमीन तुमच्या गावची आहे आणि त्या जमिनीचा ठराव तुमच्या ग्रामसभेपुढे आज ना उद्या येणार आहे.

योजना तशी जुनी. १४ जून २०१७ ला पहिला शासन निर्णय निघाला, राळेगणसिद्धीसारख्या गावांत सुरुवात झाली, पण गाडी काही वेग घेईना. मग ८ मे २०२३ ला ‘योजना २.०’ आली आणि डिसेंबर २०२५ पर्यंत निदान ३० टक्के शेतीच्या वाहिन्या सौर करायच्या असे ठरले. सात हजार मेगावॅटचे उद्दिष्ट पुढे सोळा हजारांपर्यंत वाढवले गेले. या दुसऱ्या टप्प्यातला पहिला तीन मेगावॅटचा प्रकल्प आपल्या शेजारच्या वैजापूर तालुक्यात, धोंदलगावला, सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला.

अनेकांना वाटते की या योजनेत आपल्या शेतात पॅनेल बसणार. तसे नाही. गावाजवळच्या सबस्टेशनपासून पाच-दहा किलोमीटरच्या आत जमीन घ्यायची, तिच्यावर दोन-पाच-दहा मेगावॅटचा प्रकल्प एखाद्या कंपनीने उभारायचा आणि तयार झालेली वीज थेट त्याच सबस्टेशनला द्यायची. तिथून शेतीची जी वेगळी वाहिनी निघते, तिच्यावर दिवसा पुरवठा करायचा. तुमची मोटर, तुमचा डीपी, तुमची वायर सगळे आहे तेच. ढग आले तर ग्रीडची वीज आहेच. कंपनीशी महावितरणचा करार २५ वर्षांचा, दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास. शेतापर्यंत पोचणारी नेहमीची वीज सरकारच्याच हिशेबाने सात-आठ रुपयांना पडते. म्हणजे प्रत्येक युनिटमागे महावितरणचा आणि तिला अनुदान देणाऱ्या सरकारचा मोठा पैसा वाचतो. शेतकऱ्याला दिवसा वीज आणि सरकारला स्वस्त वीज, दोघांचे हित एका जागी आलेले फार क्वचित दिसते. म्हणून आम्ही या योजनेच्या बाजूने आहोत, हे आधीच सांगून टाकतो.

आता हिशेब.

एका मेगावॅटला चार ते पाच एकर जमीन लागते. पाच मेगावॅटला पंचवीस एकर धरा, म्हणजे दहा हेक्टर. ही जमीन खासगी शेतकऱ्याची असेल तर त्याला वर्षाला हेक्टरी निदान सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यावर दरवर्षी तीन टक्के वाढ, असे शासन निर्णयात आहे. दहा हेक्टरचे पहिल्याच वर्षी साडेबारा लाख झाले. पंचवीस वर्षांची बेरीज करून पाहा, चार कोटींच्या वर जाते.

आणि तीच दहा हेक्टर जमीन सरकारी किंवा गायरानाची असेल तर? भाडे नाममात्र, वर्षाला एक रुपया. त्याखेरीज ग्रामपंचायतीला लोकोपयोगी कामांसाठी वर्षाला पाच लाख, तीन वर्षे. एकूण पंधरा लाख. प्रकल्प उभा राहणार पंचवीस वर्षे, गावाचा हिस्सा संपणार तिसऱ्या वर्षी. चौथ्या वर्षापासून गावाच्या वाट्याला काय, तर तारेचे कुंपण.

सरकारची बाजू आम्हाला ठाऊक आहे. जमीन फुकटात मिळाली की विजेचा दर खाली येतो आणि त्या दराचा फायदा शेवटी शेतकऱ्यालाच होतो, असे अधिकारी सांगतात. ते खोटे नाही. पण गायरान म्हणजे रिकामी पडलेली जमीन, ही समजूत मुळातच चुकीची आहे. सात-बाऱ्यावर ती पडीक दिसते. प्रत्यक्षात गावातल्या भूमिहीन माणसाच्या चार शेळ्या, विधवेची एक गाय, धनगराचा वाडा तिच्यावर जगतो. ज्याची स्वतःची बाग आहे त्याला दिवसा वीज मिळणार आणि ज्याला गुंठाभरही रान नाही त्याची चराई जाणार, असा हा व्यवहार होऊ नये. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी वाचवण्याचा निकाल दिला आणि त्याच वर्षी राज्य सरकारनेही गायरानाच्या वापरावर बंधने घातली, ती काही उगीच नव्हे. सौर प्रकल्प सार्वजनिक कामात मोडतो, हे मान्य. मग त्यातला सार्वजनिक वाटाही पंचवीस वर्षे चालला पाहिजे.

आमची मागणी साधी आहे. खासगी जमिनीला जे भाडे, त्याचा निदान काही भाग गायरानाला मिळावा आणि तो कराराच्या शेवटच्या वर्षापर्यंत मिळावा. हा पैसा कुठून आणायचा? युनिटमागे जो पैसा वाचतो तिथूनच. हिशेब तुम्हीच करा: पाच मेगावॅटचा प्रकल्प वर्षाला ढोबळ मानाने ऐंशी-नव्वद लाख युनिट देतो. युनिटमागे पाच पैसे गावाला दिले तरी वर्षाला चार लाखांच्या वर होतात. कंपन्यांनी लवकर कामे करावीत म्हणून या योजनेत सरकारने त्यांना पहिली तीन वर्षे युनिटमागे पंधरा ते पंचवीस पैशांचे प्रोत्साहन ठेवले आहे. कंपनीला पंचवीस पैसे देता येतात, तर गावाला पाच पैसे देणे इतके अवघड का वाटावे?

खासगी जमिनीचेही एक सांगायला हवे. गंगापूर रोडच्या कडेला कोणी एकरी पन्नास हजारांसाठी जमीन देणार नाही, तिथे आता फुटाच्या भावाने बोलणी होतात. निफाड-दिंडोरीच्या बागायतीतही नाही. पण नांदगाव, येवला, चांदवड, सिन्नरच्या पूर्वेकडचा माळ, जिथे बाजरीही दर दुसऱ्या वर्षी हातची जाते, तिथे एकरी पन्नास हजारांचे हमखास भाडे म्हणजे वाईट पीक नव्हे. ज्याला द्यायची असेल त्याने जरूर द्यावी. मात्र करार वाचून घ्यावा, मोजणी आधी करून घ्यावी, भावाभावांची सही आधी घ्यावी आणि मध्ये दलाल नसावा.

एक गोष्ट मात्र मुंबईत बसून कळणारी नाही. डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर येतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली. त्या रात्री द्राक्षबागायतदार झोपत नाही. पहाटे चारला बागेत शेकोट्या पेटवतो, ठिबक सुरू करतो, कारण गारठ्याने मणी तडकले तर वर्षाची कमाई गेली. ‘दिवसा वीज दिली, आता रात्रीची बंद’ असा सरळसोट नियम लागला तर निफाडच्या बागायतदाराचे काय होईल? थंडीच्या लाटेत पहाटेचे दोन-तीन तास शेतीच्या वाहिनीवर वीज ठेवण्याची तजवीज महावितरणच्या नाशिक परिमंडलाने आधीच करून ठेवावी. पारा घसरल्यावर निवेदने स्वीकारत बसणे म्हणजे वरातीमागून घोडे.

हाच विचार ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ घेणाऱ्यांनीही करावा. सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के, बाकीचे केंद्र आणि राज्य भरणार. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाचपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. पाच वर्षे दुरुस्ती कंपनीकडे. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात, जिथे खांब पोचायलाच वर्षे लागतात, तिथे हा पंप म्हणजे वरदान आहे. देवळा-चांदवडकडे बोअरचे पाणी खोल गेलेले असेल तर तीन अश्वशक्तीच्या पंपाकडून फार अपेक्षा ठेवू नका. आधी पाण्याची खोली मोजा, मग अर्ज भरा.

आणि बरं का मंडळी, थोडे आपल्याही पदरात घालून घ्यावे लागेल. सौर वाहिनी आली म्हणून डीपी जळायचा थांबणार नाही. वीज आली की गावातले सगळे ऑटोस्विच एका क्षणी मोटरी चालू करतात, कपॅसिटर कोणाच्याच पेटीत नसतो, वर चार आकडे. मग फ्यूज उडतो आणि वायरमनच्या नावाने शिमगा. दिवसाचे ऊन सात-आठ तासांचे. त्यातले तीन तास डीपी बंद राहिला तर उपयोग काय?

गावाने मनावर घेतले तर काय होते हे या राज्याने पाहिले आहे. २००५-०६ च्या भारनियमनात अक्षय प्रकाश योजना आली. गावांनी ठराव केले, संध्याकाळी मोटरी स्वतःहून बंद ठेवल्या आणि त्या बदल्यात घरात दिवा राहिला. कोणावर पोलीस घालावे लागले नाहीत. आपल्या जिल्ह्यात तर त्याहून जुना दाखला आहे. दिंडोरीच्या वाघाड धरणावर शेतकऱ्यांनी नव्वदच्या दशकापासून पाणी वापर संस्था उभ्या केल्या, पाणी मोजून घेतले, पट्टी स्वतः गोळा केली. जे पाण्याचे करता आले ते विजेचे का करू नये? २०१९ च्या कुसुम योजनेत दोन मेगावॅटपर्यंतचा प्रकल्प शेतकरी, सहकारी संस्था, पंचायत, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा पाणी वापर संस्था यांनी स्वतः उभारावा अशी सोय ठेवली होती. मेगावॅटला साडेतीन-चार कोटी लागतात, बँका तारण मागतात, म्हणून बहुतेकांनी कपाळाला हात लावला. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात मात्र सहा शेतकऱ्यांनी २०१६ च्या सुमारास सौर पंपांची सहकारी संस्था काढली, पाणी भरून झाल्यावर उरलेली वीज तिथल्या वीज कंपनीला विकली. वीज विकून पैसा मिळतो म्हटल्यावर विनाकारण मोटर चालू ठेवायची सवय कमी झाली आणि विहिरीचे पाणीही वाचले. फुकट विजेने जे साधत नाही, ते तिथे साधले. आमच्या जिल्हा बँकेची अवस्था बिकट आहे, कबूल. पण द्राक्ष युरोपात पोचवणाऱ्या जिल्ह्याला दोन मेगावॅटचा प्रकल्प अशक्य वाटावा, हे आम्हाला पटत नाही.

तोवर तुमच्या सरपंचांकडे तहसीलचे पत्र आले असेल किंवा येईल. ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या कपाटात राहू देऊ नका. येत्या ग्रामसभेत ते मोठ्याने वाचायला सांगा. कोणता गट नंबर, किती हेक्टर, त्यावर आज कोणाची जनावरे चरतात आणि उरलेले गायरान कुठे, हे ठरावात लिहून घ्या. पेसा क्षेत्रातल्या गावांनी आपला अधिकार जास्त आहे हे विसरू नये. प्रकल्पातली वीज नेमक्या कोणत्या वाहिनीवर येणार, ती वाहिनी गावठाणापासून वेगळी झाली आहे का, दिवसाचे किती तास मिळणार, हे महावितरणच्या शाखा अभियंत्याला ग्रामसभेत बोलावून विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवा. चौथ्या वर्षापासून गावाला काय मिळणार, हा प्रश्न ठरावातच घाला आणि एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा, कारण जमीन देण्याचे काम त्यांच्याच समितीकडे आहे. उत्तर येईपर्यंत सहीची घाई कशाला?