गुडघे दुखतात? आधी सवयी तपासा

विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात आपली माणसे कष्टाची कामे करतात. कोणी मशीनवर जीन्स शिवतो, कोणी एस.टी.च्या आगारात आहे, कोणी कारखान्यात पाळीभर उभा असतो. आपल्या भगिनी चार घरची धुणीभांडी करून येतात आणि आल्यावर स्वतःच्या घरची करतात. चाळिशी ओलांडली की यातल्या अनेकांचे गुडघे, कंबर, बोटे दुखू लागतात. मग घरोघर एकच वाक्य ऐकू येते : "वाताचा त्रास आहे, वय झालं, भोगायचंच आता."

या वाक्याविषयीच आज आम्हाला बोलायचे आहे. भोगाची भाषा आपण १९५६ साली नागपूरला सोडून आलो. दुःखाला कारण असते आणि कारण दूर केले की दुःख कमी होते, हे तर आपण विहारात नेहमी ऐकतो. तेच आज गुडघ्याला लावून पाहू.

पहिली गोष्ट, हे दुखणे एकट्यादुकट्याचे नाही. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातील भिगवण या गावी १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी सुरू केली. मोठ्या माणसांपैकी शंभरात सुमारे अठरा जणांना सांध्यांचे किंवा स्नायूंचे दुखणे होते.

दुसरी गोष्ट, सगळा संधिवात सारखा नसतो. वयाबरोबर आणि भाराने सांध्यातली गादी झिजते, ती झीज. ती बहुधा गुडघ्याला होते. दुसरा आमवात. त्यात शरीराची संरक्षण करणारी शक्तीच आपल्या सांध्यांवर उलटते. दोन्ही हातांची बोटे, मनगटे सुजतात आणि सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही. तो तिशी-चाळिशीतल्या बायकांनाही होतो. तिसरा, युरिक ॲसिड वाढून होणारा. त्यात बहुधा पायाचा अंगठा एका रात्रीत लालबुंद होऊन ठणकतो. औषध तिघांचे वेगळे आहे. पण तिघांनाही खतपाणी घालणाऱ्या काही सवयी आपल्या घरात आहेत.

उकिडवे बसणे

धुणे, भांडी, भाजी निवडणे, फरशी पुसणे, सारे आपण उकिडवे किंवा मांडी घालून करतो. निरोगी गुडघ्याला त्याने बिघडत नाही. पण झिजलेला गुडघा पूर्ण दुमडला की त्यावर फार दाब येतो. तेव्हा भांडी ओट्यावर उभ्याने घासावीत. कपडे उंच स्टुलावर बसून धुवावेत. फरशीला लांब दांड्याचे पोछे घ्यावे. शौचालय भारतीय पद्धतीचे असेल तर मध्ये भोक असलेली खुर्ची मिळते, ती त्यावर ठेवता येते. पाणी भरताना एका कडेवर भरलेली कळशी घेण्याऐवजी दोन हातांत दोन लहान कॅन घ्यावेत. एक खेप जास्त झाली तरी चालेल.

दुखते म्हणून पडून राहणे

ही उलट बाजूची चूक. गुडघा दुखतो म्हणून हालचाल बंद केली की मांडीचे स्नायू आठवड्यांतच अशक्त होतात, आणि गुडघ्याला सांभाळून धरणारे स्नायू तेच असतात. पावसाळ्यात दुखणे जास्त जाणवते, माणूस घरात बसतो आणि सांधा आणखी आखडतो. सोण नावाच्या भिक्खूने पाय रक्ताळेपर्यंत चंक्रमण केले, तेव्हा तथागतांनी त्याला वीणेची तार फार ताणू नये आणि फार सैलही सोडू नये, असे समजावले. सांध्यालाही तोच मध्यम मार्ग लागतो.

रोज सपाट रस्त्यावर जमेल तेवढे चालावे, हळूहळू अर्ध्या तासावर न्यावे. खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करावा, मांडी घट्ट आवळून पाच अंक मोजावेत, पाय खाली घ्यावा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. व्यायामानंतर दोन तासांहून जास्त दुखत राहिले तर दुसऱ्या दिवशी थोडा कमी करावा, सोडू मात्र नये. मशीनवर शिवणाऱ्यांनी अर्ध्या तासाने उठून चार पावले टाकावीत.

रेल्वेचा पूल चढताना आधी बरा पाय वर टाकावा, उतरताना आधी दुखरा पाय खाली. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. अनेकजण उलटे करतात.

वाढते वजन

सपाट रस्त्यावर चालतानाही गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पडतो. जाड माणसाचे एक किलो वजन उतरले तर दर पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोचा भार कमी होतो. म्हणून पाच किलो उतरवणे हे मोठे औषधच आहे. कामावरून येताना वडापाव, दिवसातून पाच वेळा साखरेचा चहा, सोबत बिस्किटे, रात्री उशिरा भरपेट भात, यातूनच वजन वाढते.

मात्र वांगे वातूळ, चवळी वातूळ, आंबट नको, असे म्हणत अन्न सोडू नये. झिजेच्या दुखण्यात त्याने फरक पडत नाही, उलट अंगातली ताकद जाते. कडधान्ये, अंडी, पालेभाज्या, नाचणी खावी. युरिक ॲसिडचा त्रास असणाऱ्यांनी मात्र कलेजी, वजडी, सुकी मासळी आणि बिअर टाळावी.

बिडी, तंबाखू, दारू

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना आमवात होण्याचा धोका वाढतो आणि झालेला आमवात औषधाला नीट दाद देत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. मशेरीने हिरड्या खराब होतात, आणि हिरड्यांच्या रोगाचाही आमवाताशी संबंध आढळला आहे. दारूने युरिक ॲसिड वाढते, शिवाय आमवाताच्या काही औषधांबरोबर ती यकृताला घातक ठरते. पाचवे शील आपण रोज म्हणतो. गुडघ्यासाठी तरी ते पाळावे.

मेडिकलवाल्याची गोळी

सर्वांत धोक्याची सवय ही. कामावर जायचे म्हणून दुकानातून गोळी घ्यायची, ती वर्षानुवर्षे चालवायची. दुखणे दबते, पण पोटात व्रण होतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे बिघडतात. काही वैदू पुड्या देतात, दोन दिवसांत जादूसारखा आराम पडतो. अशा पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. बरेच दिवस घेतल्यावर असे औषध एकाएकी थांबवणेही धोक्याचे असते. म्हणून पुडी घेऊनच डॉक्टरकडे जावे, लपवू नये.

आमवातावर मेथोट्रेक्सेट नावाची गोळी बहुधा दिली जाते. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. घरात ही गोळी असेल तर वार ठरवून कॅलेंडरवर खूण करावी. आई-आजीला वाचता येत नसेल तर मुलांनी हे काम अंगावर घ्यावे.

बोटे सुजून सकाळी तासभर आखडत असतील तर वाट पाहू नये. आमवातात पहिले काही महिने मोलाचे असतात. त्यात उपचार सुरू झाले तर बोटे वाकडी होण्यापासून वाचतात. उल्हासनगर कॅम्प तीनमध्ये शासनाचे मध्यवर्ती रुग्णालय आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क करण्यात आले. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात संधिवाताचा स्वतंत्र विभाग आहे. विमा कापला जात असेल तर कामगार विमा रुग्णालयाचा हक्क सोडू नये.

लाज कशाची?

एवढे सांगूनही एक अडचण उरते. आपल्या वडीलधाऱ्या उपासिका विहारात खाली बसता येत नाही म्हणून येणेच बंद करतात. तथागतांची मूर्ती समोर असताना खुर्चीवर कसे बसायचे, असे त्यांना वाटते.

मायबहिणींनो, संगीतिसुत्तात काय घडले ते आठवा. पावा नगरीत मल्लांच्या नव्या सभागृहात भिक्खुसंघ जमला होता. खुद्द तथागतांची पाठ दुखत होती. त्यांनी सारिपुत्तांना धम्म सांगायला लावले आणि आपण आडवे झाले. बाबासाहेबांना मधुमेहाबरोबर सांध्यांचे व पायांचे दुखणे होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर ते एका हातात काठी आणि दुसरा हात नानकचंद रत्तू यांच्या खांद्यावर ठेवून आले. त्यांना आधार घ्यायची लाज वाटली नाही, मग आपल्याला का वाटावी?

आमचे महिला मंडळांना आणि विहार समित्यांना सांगणे आहे, की या वर्षावासात विहारात दहा-बारा खुर्च्या ठेवा, त्याही मागे कोपऱ्यात नव्हे, सर्वांच्या बरोबरीने. ज्यांना पंचांग प्रणाम जमत नाही त्यांनी बसूनच हात जोडावेत. आणि घरातल्या तरुण मुलांनो, आईने भांडी घासायला उंच स्टूल मागायची वाट पाहू नका. पुढच्या पगाराला आणून द्या, आणि दोन दिवस भांडी तुम्हीच घासा.

जयभीम!