काकांची लॅन्सर आणि गेममधली ‘ईव्हो’

चंदीगडला नोकरीसाठी आल्यापासून माझा एक नेम झाला आहे. रविवारी दुपारी पंचकुलाला मावशीकडे जेवायला जायचं. वरण-भात, बटाट्याची भाजी आणि वर मावशीचा पंजाबी पद्धतीचा लस्सीचा मोठा ग्लास. गेल्या महिन्यात मात्र दारातच वातावरण तापलेलं होतं. मावशी म्हणाली, “तूच समजाव गं याला. माझं नि काकांचं ऐकत नाही.”

‘हा’ म्हणजे माझा मावसभाऊ. बारावीत आहे, डिसेंबरमध्ये अठरा पूर्ण होतील. त्याच्या लॅपटॉपवर ‘नीड फॉर स्पीड : मोस्ट वाँटेड’ हा २००५ सालचा जुना गेम चालू होता. पडद्यावर मागे उंच पंख लावलेली एक गाडी पोलिसांना चुकवत पळत होती.

“ताई, ही मित्सुबिशी लॅन्सर ईव्होल्यूशन. ईव्हो! आणि आपल्या घरी काय आहे? लॅन्सरच ना? एक मेकॅनिक ओळखीचा आहे. तो म्हणतो इंजिन बदलून देतो, टर्बो बसवतो. मग सेक्टर दहा-अकराला गेडी मारायला जायचं. सगळे बघत राहतील!”

चंदीगडबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, गेडी मारणं म्हणजे ठरलेल्या दोन-चार सेक्टरांमधून उगाच गाडी फिरवत राहणं. इथल्या तरुण मुलांचा हा लाडका उद्योग आहे.

काकांची लॅन्सर २००१ सालची. कापडाखाली झाकलेली, दर रविवारी पुसली जाणारी. पंधरा वर्षं झाल्यावर काकांनी फिटनेस तपासून तिची नोंदणीही वाढवून घेतली आहे. तिचं इंजिन बदलायचं म्हणजे काकांच्या काळजालाच हात!

मी इंग्रजी साहित्य शिकलेली. गाड्यांमधलं मला फक्त रंग कळतात. म्हणून म्हटलं, “आठ दिवस दे. वाचते आणि मग बोलू.” वाचलं, आणि खरं सांगते, मीच त्या गाडीच्या प्रेमात पडले.

गेमच्या आधीची गोष्ट

ईव्हो गेमसाठी जन्मली नाही. ती जन्मली एका नियमामुळे. जागतिक रॅली स्पर्धेच्या ‘ग्रुप ए’ गटात साधारण असा नियम होता, की जी गाडी रॅलीत पळवायची ती आधी सामान्य ग्राहकांनाही विकली गेली पाहिजे. १९९३ पासून त्यासाठी किमान २,५०० गाड्या बनवाव्या लागत.

मित्सुबिशीने १९९२ मध्ये आपल्या घरगुती लॅन्सरमध्ये मोठ्या गॅलंट गाडीचं २ लिटरचं टर्बो इंजिन बसवलं आणि ताकद चारही चाकांना दिली. सुमारे अडीचशे हॉर्सपॉवर! चार दारं, मागे मुलांना बसायला जागा, सामानाला डिकी आणि तरी बर्फ, चिखल, खडी यांवर झेपावणारी गाडी. हीच पहिली ईव्हो.

पुढे फिनलंडच्या टॉमी मॅकिनेनने या गाडीत १९९६, १९९७, १९९८ आणि १९९९ असं सलग चार वेळा जगज्जेतेपद मिळवलं. त्याआधी सलग चार वेळा कुणीच जिंकलं नव्हतं. १९९७ च्या डिसेंबरमध्ये प्लेस्टेशनवर ‘ग्रान टुरिस्मो’ हा गेम आला. त्यात ईव्हो होती आणि तिची कायमची प्रतिस्पर्धी सुबारू इम्प्रेझाही होती. त्या गेमच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. ज्यांनी जपान पाहिला नव्हता, ज्यांच्या घरी स्कूटरही नव्हती, अशा मुलांनाही ही गाडी नावानिशी कळली.

आता गंमत ऐका. भारतात हिंदुस्थान मोटर्सने चेन्नईजवळच्या तिरुवल्लूरच्या कारखान्यातून १९९८ मध्ये जी लॅन्सर आणली, ती आणि मॅकिनेनची चौथी ते सहावी ईव्हो एकाच पिढीच्या. म्हणजे काकांची गाडी त्या जगज्जेत्या गाडीची सख्खी बहीण!

हे सांगितल्यावर भाऊ उडालाच. “बघ, मी म्हणत होतो ना!”

“थांब,” म्हटलं. “बहिणी असल्या तरी एक पहिलवान आहे आणि एक शाळेतल्या बाई.”

कापड तेच, शिलाई वेगळी

काकांच्या दीड लिटरच्या पेट्रोल लॅन्सरची ताकद नव्वद हॉर्सपॉवरच्या आत, आणि तीही फक्त पुढच्या दोन चाकांना. ईव्होची चौथी आवृत्ती तिच्या तिप्पट. नुसतं इंजिन बदलून भागत नाही. ईव्होचे ब्रेक वेगळे, सस्पेन्शन वेगळं, बॉडीचे सांधे जास्त मजबूत केलेले. वळणावर मागच्या कोणत्या चाकाला किती जोर द्यायचा हे ठरवणारी यंत्रणासुद्धा त्यात होती. मेकॅनिक टर्बो बसवून देईल. थांबवणार कोण? ब्रेक तर शाळेतल्या बाईंचेच!

शिवाय कायदा आहे. गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

शेवटचं वाक्य ऐकून भाऊ पहिल्यांदा गप्प बसला. कैदेपेक्षा त्याला ते ‘पंचविसावं वर्ष’ लागलं!

रॅलीत ‘रीस्टार्ट’ नसतं

पण नुसती भीती घालून मुलं ऐकत नाहीत, हे मी माझ्यावरून सांगते. म्हणून त्याला १९९८ ची एक गोष्ट सांगितली.

नोव्हेंबर महिना, वर्षाची शेवटची रॅली ब्रिटनमध्ये. मॅकिनेनची ईव्हो पहिल्याच दिवशी रस्त्यावर सांडलेल्या तेलावरून घसरली, काँक्रीटच्या ठोकळ्यावर आदळली आणि चाक गमावून बसली. त्याचं विजेतेपद गेल्यातच जमा होतं. स्पेनच्या कार्लोस साइन्झला फक्त चौथा क्रमांक टिकवायचा होता. तो शेवटच्या टप्प्यापर्यंत आला आणि अंतिम रेषा काहीशे मीटरवर असताना त्याच्या टोयोटाचं इंजिन बंद पडलं. मॅकिनेन अवघ्या दोन गुणांनी जगज्जेता झाला.

जगातले दोन उत्तम चालक, उत्तम गाड्या, उत्तम मेकॅनिक. तरी एकाला तेलाने पाडलं आणि दुसऱ्याला इंजिनने. गेममध्ये अशा वेळी आपण बटण दाबून पुन्हा सुरुवात करतो. खऱ्या रस्त्यावर ते बटण नाही. आणि त्या दोघांसाठी रस्ता बंद केलेला होता, अंगात हेल्मेट-पट्टे होते. सेक्टर दहाच्या रस्त्यावर कुणाची तरी आजी भाजी घेऊन जात असते.

आणखी एक गोष्ट भावाला माहीत नव्हती. मॅकिनेन कधीच एकटा नव्हता. डावं वळण किती तीव्र, पुढे उंचवटा कुठे, हे सगळं शेजारी बसलेला सहचालक वहीतून वाचून सांगायचा. आधी सेप्पो हार्यान्ने, मग रिस्तो मॅनिसेनमॅकी. समोरचं वळण दिसण्याआधी शेजारच्यावर विश्वास ठेवायचा, यालाच रॅली म्हणतात. गेममध्ये शेजारची सीट रिकामी असते.

मग आम्ही काय केलं?

चंदीगडमध्ये सेंट जॉन्स शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची संघटना ‘सजोबा’ रॅली भरवते. अशा रॅल्यांमध्ये ‘टीएसडी’ नावाचा प्रकार असतो. टाइम, स्पीड, डिस्टन्स. इथे सगळ्यात वेगवान गाडी जिंकत नाही. दिलेल्या सरासरी वेगाने, दिलेल्या वेळेला, नेमकी जी पोचते ती जिंकते. उशीर झाला तर दंड, आणि लवकर पोचलात तर बऱ्याचदा त्याहून जास्त दंड!

काका हे ऐकून खूश झाले. आयुष्यभर बँकेत हिशेब जुळवलेला माणूस! पुढच्या रविवारी आम्ही चौघं लॅन्सरमधून मोरनीच्या डोंगराकडे निघालो. चालक काका, डावीकडे भाऊ सहचालक, मागे मी आणि मावशी. भावाने वहीत लिहिलं: घाटातले १२ किलोमीटर, सरासरी ताशी ३० किलोमीटर, म्हणजे बरोबर २४ मिनिटं.

“बाबा, आता हळू. आपण दीड मिनिट पुढे आहोत.”

“अरे, रस्ता मोकळा आहे.”

“बाबा, दंड बसेल!”

मावशीने माझा हात दाबला. ज्या मुलाला ‘हळू’ म्हणून महिनाभर घसा कोरडा केला, तो आज बापाला ‘हळू’ सांगत होता. आम्ही पोचलो २३ मिनिटं १० सेकंदांनी. पन्नास सेकंद लवकर. भावाने काकांना गंभीरपणे दंड ठोठावला: सगळ्यांना मॅगी.

मेकॅनिकचा विषय आता बंद आहे. ईव्होचं वेड अजिबात बंद नाही, आणि का असावं? डिसेंबरनंतर परवाना काढायचा, मग काका डावीकडे बसणार आणि तो चालवणार, असं ठरलंय. गाडी तीच, नव्वदच्या आतली.

तुमच्याही घरी कुणी रात्रभर गेममध्ये गाड्या पळवत असेल तर ओरडण्याआधी एकदा शेजारी बसून विचारा, ही गाडी कोणती रे? आणि पुढच्या सहलीला त्याच्या हातात वही आणि घड्याळ द्या. किती सेकंद चुकलात ते मला नक्की कळवा!