कायद्याची बूज

परकीयांनीं चोरवाटेनें देशांत शिरूं नये आणि राज्यानें तें चालूं देऊं नये, अशी मागणी करण्याचा प्रजेस पूर्ण अधिकार आहे. मात्र जो कायद्याच्या नांवानें रस्त्यावर उतरतो, त्यानें कायद्याची बूज इतरांहून अधिक राखली पाहिजे, असें आम्हांस वाटतें. या दृष्टीनें आसामचा अनुभव मननीय आहे.

१९७९ सालीं मंगलदोई मतदारसंघाच्या यादींत परकीयांचीं नांवें असल्याचा बोभाटा झाला आणि विद्यार्थ्यांनीं चळवळ उभारली. गाऱ्हाण्यांत तथ्य होतें. परंतु वातावरण तापलें असतां, १८ फेब्रुवारी १९८३ रोजीं नेल्ली गांवीं व आसपास जमावानें दीड हजारांहून अधिक बंगाली मुसलमानांची कत्तल केली. त्यांत बायकामुलेंच पुष्कळ होतीं. त्यांतील परका कोण व नागरिक कोण, हें कोणत्या न्यायासनानें ठरविलें होतें? या हत्येबद्दल एकासही शिक्षा झाली नाहीं.

१५ ऑगस्ट १९८५ च्या करारानें चळवळ थांबली. २५ मार्च १९७१ पासून पुढें आलेल्यांस परत पाठवावें, असें ठरलें. पण परकीयांच्या शोधासाठीं केलेल्या १९८३ च्या कायद्यांत पुराव्याचा भार आरोप करणारावर होता, त्यामुळें काम रखडलें. तो कायदा सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं रद्द केला. पुढें ३१ ऑगस्ट २०१९ रोजीं नागरिकांची यादी निघाली, तींतून १९,०६,६५७ अर्जदार वगळले गेले.

या यादीच्या कामीं विवाहित स्त्रियांची फार ओढाताण झाली. कित्येकींपाशीं जन्माचा वा शाळेचा दाखला नव्हता. अमुक आपले वडील, हें दाखविण्यास ग्रामपंचायतीच्या दाखल्याचाच आधार. तो ग्राह्य कीं नाहीं, हा वाद २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. लग्नांत माहेरचें नांव पालटलेल्या आपल्या आजीपाशीं असा कागद निघेल काय, हें वाचकांनीं आपापल्या घरीं पाहावें.

राज्यानें कायदा वेळेवर चालविला नाहीं, म्हणजे लोकांचा धीर सुटतो. आणि जमावानें तो हातीं घेतला, म्हणजे निरपराध्यास दाद मागण्यास जागा उरत नाहीं. सरहद्दीवर पहारा कडक असावा, यांत दुमत नाहीं. पण आंत असलेल्या प्रत्येकाचा पुरावा माणसागणिक तपासावा, आणि त्याचें म्हणणें ऐकून घेतल्यावांचून त्यास परका म्हणूं नये. एवढी बूज राखण्यास जी चळवळ तयार असेल, तिच्याच मागणीस आम्ही न्याय्य म्हणूं.